नानांच्या एमआरआयवरचे पांढरे डाग

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

आम्ही पारोळा तालुक्यातले. माझे सासरे, नाना, ७२ वर्षांचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण कापसाच्या वजनापासून सालदाराच्या उचलीपर्यंत सगळा हिशेब तोंडी असायचा. गेल्या दीड वर्षात फरक पडला. या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराला उचल दिली आणि आठ दिवसांनी तीच पुन्हा दिली. चालताना पाय घासतात, दोन-तीन हाका मारल्यावर ओ देतात, दिवसभर ओट्यावर बसून राहतात. काही विचारलं की म्हणतात, "माले काय व्हयनं?" (मला काय झालंय?) बीपीची गोळी तीन वर्षांपूर्वी मनानेच बंद केली. शुगर नाही. तंबाखू आहे. माळकरी आहेत. जळगावला एमआरआय केला. रिपोर्टमध्ये व्हाइट मॅटरमध्ये इस्केमिक बदल, फाझेकास ग्रेड २, आणि वयानुसार मेंदू थोडा आकसलाय असं आहे. तिथले डॉक्टर म्हणाले, ही माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट आहे, डिमेन्शिया नाही. चाचणीत तारीख चुकली, घनाचं चित्र जमलं नाही. बाहेर आल्यावर मात्र "आज एकादशी, मला फराळाचंच द्या" म्हणाले, आणि एकादशीच होती. गावात कुणी म्हणतं मेंदू पांढरा पडला, कुणी ताकदीचं सलाईन लावायला सांगतं. दीर म्हणतात, पूर्ण विसरायच्या आत वाटणीच्या कागदांवर सह्या घेऊन टाकू. नानांना वेड लागणार का? आमच्या मिस्टरांनाही हे होईल का? सहा महिन्यांनी परत एमआरआय करायचा का?

— एक सून

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ रिपोर्टची नाही. "बीपीची गोळी तीन वर्षांपूर्वी मनानेच बंद केली" ही आहे. बाकी सगळं मी सांगणारच आहे, पण हे पत्र अर्ध्यावर सोडून जेवण करायला उठावं लागलं तर एवढंच करा: नानांना उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि गोळी पुन्हा सुरू करण्याचं बोला. घरात पडलेलं जुनं पाकीट काढून मात्र देऊ नका. तीन वर्षांत बराच फरक पडलेला असतो, डोस नव्याने ठरवावा लागतो.

आता 'मेंदू पांढरा पडला' याबद्दल. व्हाइट मॅटर हे आजाराचं नाव नाही. ते तुमच्या डोक्यात आहे, माझ्या आहे, नानांच्या नातवाच्याही आहे. मेंदूच्या वरच्या करड्या थरात विचार, आठवण, निर्णय यांची केंद्रं असतात. त्या केंद्रांना एकमेकांशी जोडणारे कोट्यवधी तंतू खालून जातात. या तंतूंवर मायलीन नावाचं चरबीचं आवरण असतं, म्हणून तो भाग पांढरट दिसतो. मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग हाच. एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रात मात्र हा निरोगी भाग करडाच दिसतो आणि जिथे आवरण झिजलंय, पाण्याचा अंश वाढलाय, तिथे चमकदार ठिपके उमटतात. रिपोर्टमधले 'इस्केमिक', म्हणजे रक्तपुरवठा कमी पडल्याने झालेले, बदल म्हणजे हे ठिपके.

ते का उमटतात हे पारोळ्याच्या शेतकऱ्याला समजावायला मला फार कष्ट पडणार नाहीत. ठिबकच्या नळीवर शेवटच्या झाडांना पाणी पोचतं की नाही, हे तुम्ही बघताच. मेंदूच्या आतल्या या पांढऱ्या भागाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसाहून बारीक, लांब आणि शेवटाकडे जाणाऱ्या असतात. दुसऱ्या बाजूने मदतीला येणारी नळी जवळपास नसते. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि ताठर होतात, आतली वाट अरुंद होते, आणि टोकाचा भाग हळूहळू उपाशी पडतो. एका दिवसात काही फाटत नाही, लकव्यासारखा झटका येत नाही. म्हणूनच घरात कुणाच्या लक्षात येत नाही. वयाबरोबर हे थोडं होतंच. बीपी, तंबाखू, शुगर त्याचा वेग वाढवतात.

फाझेकास हे एका ऑस्ट्रियन मेंदूतज्ज्ञाचं आडनाव. १९८७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ही मोजणी सुचवली. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे ठिपके एकमेकांना भिडायला लागलेत, तीन म्हणजे मोठे सलग पट्टे. नाना दोनवर आहेत. मधली पायरी.

असे डाग किती दुर्मिळ आहेत, असं तुम्हाला वाटत असेल. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला ६० ते ९० वयाच्या लोकांचे एमआरआय केले गेले, तेव्हा ज्यांच्या मेंदूत असा एकही बदल नाही अशी माणसं शंभरात फक्त पाच निघाली. म्हणजे पारावर बसणाऱ्या नानांच्या सगळ्या मित्रांचे एमआरआय काढले, तर जवळजवळ प्रत्येकाच्या रिपोर्टमध्ये थोडीफार अशी ओळ येईल. त्यातले बरेच जण अजून पत्त्यांत तुमच्या दिरांना हरवत असतील. फिल्मवर डाग आणि माणसात त्रास यांचं गणित सरळ नाही.

पण म्हणून "सगळ्यांना असतं, सोडून द्या" असं मी म्हणणार नाही. तसं सांगणारे डॉक्टरही भेटतात आणि मला ते पटत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये मांडलेल्या आढाव्यात, असे बदल जास्त असलेल्यांना डिमेन्शियाची (बुद्धी इतकी घटणं की रोजचं जगणं स्वतःला चालवता येत नाही) शक्यता साधारण दुप्पट आणि पक्षाघाताची साधारण तिप्पट दिसली. आता तुमच्या घरातली भीती मेंदू विसरण्याची आहे, पण नानांच्या बाबतीत मला पक्षाघाताची काळजी जास्त वाटते. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात गळणं, बोबडं बोलणं असं अचानक झालं तर "रात्री बघू" नको. साडेचार तासांच्या आत, जिथे सीटी स्कॅन होतो त्या दवाखान्यात पोचायला हवं. पारोळ्याहून धुळे की जळगाव, गाडी कुणाची, हे आजच ठरवून ठेवा.

तुमच्या पत्रात नानांची जी लक्षणं आहेत, ती या पांढऱ्या भागाच्या झिजेशी बरीच जुळतात. पाय घासत चालणं, संथपणा, पुढाकार संपून ओट्यावर बसून राहणं. लघवीची घाई होते का, हेही विचारा. पुरुष सुनेला सांगणार नाहीत, मिस्टरांना विचारायला लावा. अल्झायमरमध्ये बहुधा नवी आठवण मुळात साठतच नाही. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात आठवण साठते, पण ती वेळेवर वर येत नाही. घरी एक गोष्ट बघता येईल. नाना कालच्या पाहुण्याचं नाव विसरले तर पहिलं अक्षर सांगा, किंवा "धरणगावहून आले होते ते" असं सुचवा. सुचवल्यावर "हां हां, तोच" म्हणून आठवत असेल तर ते एका प्रकारचं. सुचवूनही "कोण आलं होतं?" असं विचारत असतील तर ते वेगळं, आणि ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायलाच हवं. उचलीचंही तसंच: दुसऱ्यांदा दिल्यावर लक्षात आणून दिलं तेव्हा "अरे, दिली होती खरी" म्हणाले की वादच घातला? या वयात दोन्ही आजार एकाच मेंदूत असणं फार नेहमीचं आहे, त्यामुळे हा घरचा खेळ म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरांना माहिती द्यायला मात्र उपयोगाचा.

माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणजे काय ते तुम्हाला नीट सांगितलेलं दिसत नाही. बुद्धीत वयाच्या मानाने घट आहे, चाचणीतही दिसते, पण माणूस रोजचं जगणं स्वतःचं स्वतः चालवतो. आंघोळ, जेवण, शेतात जाऊन घरी परत येणं. मोठ्या दवाखान्यांत येणाऱ्या अशा रुग्णांपैकी वर्षाला शंभरात दहा-पंधरा जण पुढे डिमेन्शियात जातात. गावपातळीवर तपासलेल्यांमध्ये हे प्रमाण आणखी कमी असतं. बरेच जण तिथेच राहतात, काही जण चक्क नॉर्मलला परत येतात. 'वेड' हा शब्द तर सोडूनच द्या, तो या आजाराला कुठूनही लागू होत नाही.

आणि त्या चाचणीबद्दल माझं थोडं भांडण आहे. चौथी शिकलेल्या माणसाला घनाचं चित्र काढायला लावायचं, आणि तेही अहिराणीत विचार करणाऱ्याला इंग्रजी वळणाच्या मराठीत प्रश्न विचारून! तारीख चुकली, पण एकादशी बरोबर सांगितली. ज्याचं वर्ष पोळा, आखाजी आणि कानबाईच्या रोटांवर चालतं, त्याला 'आज तारीख काय' हा प्रश्न परका आहे. हरियाणातल्या बल्लभगड भागात निरक्षर लोकांसाठी हिंदी चाचणी १९९५ च्या सुमारास तयार झाली ती याच अडचणीमुळे. नानांचे गुण घेताना शिक्षण लक्षात घेतलं का, हे विचारा, आणि पुढच्या वेळी प्रश्न घरच्या बोलीत विचारायला एखादं माणूस सोबत न्या. त्याने उत्तर मात्र सुचवायचं नाही.

उपचारांपैकी ज्याला सगळ्यात भक्कम आधार आहे तो म्हणजे रक्तदाब. अमेरिकेतल्या स्प्रिंट नावाच्या चाचणीत पन्नाशीपुढच्या, बीपी असलेल्या पण शुगर नसलेल्या ९,३६१ लोकांना दोन गटांत विभागलं. एका गटाचा वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्याचा १२० च्या खाली. २०१९ मध्ये स्मरणशक्तीचे निकाल आले. कडक गटात माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट सुमारे एक पंचमांशाने कमी झालं आणि एमआरआयवरचे हेच पांढरे डाग कमी वेगाने वाढले. बीपीवरचीच चीनमधली चाचणी तर आपल्यासारख्यांसाठीच केल्यासारखी आहे. ३२६ गावं, जवळजवळ ३४,००० माणसं, आणि निम्म्या गावांत गोळ्या सांभाळणारे गावातलेच आरोग्य कर्मचारी. चार वर्षांत त्या गावांत डिमेन्शिया बाकीच्या गावांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी. निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदू वाचवायला मुंबईच लागते असं नाही; आशाताई, उपकेंद्र आणि रोज चुकवायची नाही अशी एक गोळीही बरंच करते. ही गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते.

नानांचा आकडा किती खाली आणायचा हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. घाईने आपटायचा नाही, सावकाश उतरवायचा. तुमचं काम मोजण्याचं. हातावर बांधायचं मशीन घ्या. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसवा, अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, हात छातीच्या उंचीवर, मध्ये गप्पा नाहीत. सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजा, वहीत लिहा. मग एक मोजणी उभं करून, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे हे विसरून चालत नाही. भुसावळ-जळगावकडचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. घाम गेलेला, पाणी कमी, त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी, आणि माणूस सकाळी खाटेवरून उठताना पडतो. उन्हाळ्यात डोस बदलावा लागतो का, हे दर वर्षी आखाजीच्या आसपास विचारून घ्यायचं.

तंबाखूचं मी तुम्हाला काय सांगू, चुन्याची डबी तुम्हीच भरून देत असाल. ती बंद करायला नानांचं वय आडवं येत नाही. मिठाचं मात्र तुमच्या हातात आहे. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्या ताटात लोणचं, पापड, बिबडे, ठेचा आणि शेवभाजी एकाच वेळी असते, तिथेच हिशेब संपतो. शेवभाजी बंद करा असं सांगणारा डॉक्टर खान्देशात टिकणार नाही. आठवड्यातून एकदा करा, आणि त्या दिवशी ताटात लोणचं-पापड नको.

माळकरी आहेत हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. अंडी-मटण नाही, दूध बेताचं, आणि वय ७२. बी-१२ कमी असण्याची शक्यता मोठी. बी-१२ च्या कमतरतेनेही विसरणं, अडखळत चालणं आणि कधी पांढऱ्या भागात बदल होतात, आणि ते भरून काढता येतं. बी-१२ आणि थायरॉइड, दोन्ही रक्त तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. मंद चाल आणि लघवीची घाई सोबत असेल तर मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या प्रमाणाबाहेर मोठ्या आहेत का, हेही डॉक्टरांना फिल्म दाखवून विचारा. तो वेगळा आजार असतो आणि त्यावर शस्त्रक्रिया असते. ओट्यावर बसून राहण्यामागे उदासी आहे का, तेही बघायला हवं. म्हातारपणीची उदासी रडत नाही, गप्प बसते.

दोन-तीन हाकांनंतर ओ देतात ना? मग कान तपासा. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञांनी डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यात कमी ऐकू येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे. जे नीट ऐकलंच नाही ते लक्षात कसं राहणार?

सलाईनबद्दल मी स्पष्टच बोलतो. मेंदूच्या ताकदीचं असं कुठलंही सलाईन नाही जे हे डाग पुसतं. ताकदीच्या गोळ्यांनी हा आजार थांबल्याचा भरवशाचा पुरावा नाही. अल्झायमरसाठी देतात त्या डोनेपेझिलने माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंटवरून पुढे डिमेन्शियात जाणं थांबत नाही. रक्त पातळ करायची गोळीही पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला नसताना केवळ या डागांसाठी देऊ नये, असं युरोपातल्या पक्षाघात तज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. फायदा दिसत नाही आणि रक्तस्रावाची भीती वाढते. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणत असाल तर तीही डॉक्टरांना दाखवा. सर्दीची झोप आणणारी गोळीसुद्धा या वयात डोकं गोंधळवते.

औषधापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे त्यांना ओट्यावरून उठवणं. "फिरायला जा" म्हटलं की ते जाणार नाहीत. "बांधावर जाऊन कैऱ्या किती धरल्या ते बघून या" म्हणा, नातू सोबत द्या. मात्र रात्री मोटार चालू करायला जाणं बंद. शेतीची वीज रात्रीची असली की घरातला जुना माणूसच उठतो, हे मला माहीत आहे. अंधार, ओला बांध, स्टार्टर आणि पाय घासत चालणारा माणूस, हे जमायचं नाही. फवारणीच्या बाटल्या कुलपात, आणि मोटरसायकलचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता दिरांचं. हा भाग वाचून दाखवायचा असेल तर दाखवा.

नाना आज विचार करू शकतात. चाचणीत कमी गुण म्हणजे सहीचा हक्क गेला असं नाही, आणि 'पूर्ण विसरायच्या आत' घाईने घेतलेली सही हीच पुढे कोर्टात सर्वांत आधी उडते. नानांना काय हवंय ते नानांना विचारा, शांतपणे, सकाळच्या वेळी, शक्यतो कुणी भाऊ समोर नसताना. मृत्युपत्र करायचं तर ते आत्ताच करावं, नोंदणी करावी, आणि त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. मुखत्यारपत्रावर फार भिस्त ठेवू नका. देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र आपल्या कायद्यात संपतं. आयुष्यातच जमीन द्यायची ठरली तर बक्षीसपत्रात देखभालीची अट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. माझं मत विचाराल तर वाटणीला सहा महिने हात लावू नका. बीपी ताब्यात आलं, बी-१२ भरला, कानाचं मशीन बसलं की नाना किती सुधारतात ते आधी बघा.

रोजच्या पैशाचं मात्र थांबायचं कारण नाही. बँकेत मिस्टरांचं नाव जोडीने लावा. सालदाराची उचल वहीत, नानांच्या हाताने लिहून, त्याच्या अंगठ्यासह. हिशेब काढून घेऊ नका, सोबत बसा. ज्याने चाळीस वर्षं कापूस विकलाय त्याच्यासमोर पासबुक हिसकावलं तर तो ओट्यावरून कधीच उठणार नाही.

मिस्टरांना होईल का? असे बदल घराण्यातून थेट येण्याचा प्रकार आहे, पण तो दुर्मिळ. त्यात चाळिशी-पन्नाशीतच पक्षाघात, अर्धशिशी असे प्रकार घरातल्या अनेकांत दिसतात. तुमच्या पत्रात तसं काही नाही. बीपी मात्र घराण्यात उतरतं. नवं मशीन आलं की पहिला आकडा नानांचा घ्या, दुसरा मिस्टरांचा. त्यांच्या गालातही तंबाखू असते का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

तुम्ही स्वतःबद्दल काहीच विचारलेलं नाही. दमणूक झाली, रडू आलं, रात्री झोप उडाली तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलतात. नानांच्या मदतीसाठी ज्येष्ठांचा १४५६७.

सहा महिन्यांनी एमआरआय नको. डाग बहुधा कमी दिसणार नाहीत आणि वाढलेले दिसले तरी उपचार तेच राहतील. नवीन लक्षण अचानक आलं तरच करायचा. एका रात्रीत माणूस बदलला, असंबद्ध बोलू लागला, तर आधी ताप, लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं आणि मीठ-क्षारांची गडबड बघतात. एमआरआयसाठी बाजूला ठेवलेल्या पैशात बीपीचं मशीन येईल आणि कानाची तपासणीही होईल. तीन महिन्यांची वही भरली की आकडे मला कळवा, आणि नाना पाहुण्याचं नाव सुचवल्यावर सांगतात की नाही, तेही.